एकत्र आयर्लंड: अटी आधी, तारीख नंतर

मंडळी, सुरुवात आकड्यांपासून करतो, कारण या विषयात बरंचसं बोलणं आकडे न पाहताच होतं. डिसेंबर 2022 मध्ये ‘आयरिश टाइम्स’ने एरिन्स या संशोधन प्रकल्पाबरोबर केलेली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. एरिन्स म्हणजे रॉयल आयरिश अकॅडमी आणि अमेरिकेतलं नोत्र दाम विद्यापीठ यांचा संयुक्त उपक्रम. आयर्लंड बेटाचे दोन भाग आहेत: दक्षिणेत स्वतंत्र प्रजासत्ताक, आणि उत्तरेत युनायटेड किंगडममध्ये असलेलं उत्तर आयर्लंड. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: उद्या सार्वमत झालं तर तुम्ही एकत्र आयर्लंडच्या बाजूने मत द्याल का? दक्षिणेत, म्हणजे प्रजासत्ताकात, 66 टक्के लोक ‘हो’ म्हणाले आणि 16 टक्के ‘नाही’. उत्तर आयर्लंडमध्ये 27 टक्के ‘हो’, 50 टक्के ‘नाही’.

मला मात्र त्या पाहणीतला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एकत्र देशाला नवा ध्वज किंवा नवं राष्ट्रगीत घ्यावं लागलं तर काय कराल, असं दक्षिणेतल्या लोकांना विचारलं. तेव्हा जवळपास निम्मे लोक म्हणाले की, मग ‘हो’ म्हणण्याची आमची शक्यता कमी होईल. एकीकरण हवं आहे, पण ते उत्तरेतल्या सहा काउंट्या, म्हणजे जिल्हे, आपल्यात येऊन मिळाव्यात या अर्थाने. आपणही बदलायचं आहे, ही गोष्ट दक्षिणेत अजून पुरेशी पोचलेली नाही. माझं आजचं सगळं म्हणणं याभोवतीच आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. 10 एप्रिल 1998 रोजी उत्तरेतला हिंसक संघर्ष मिटवणारा गुड फ्रायडे करार झाला आणि 22 मे रोजी दोन्हीकडे तो मतदानाला टाकला गेला. उत्तरेत 71 टक्के, दक्षिणेत 94 टक्के लोकांनी मान्यता दिली. संपूर्ण बेटावर हक्क सांगणारी आयरिश राज्यघटनेतली कलमं 2 आणि 3 त्यानंतर बदलली. आता तिथे लिहिलं आहे की एकीकरण केवळ शांततेच्या मार्गाने आणि दोन्ही भागांतल्या बहुसंख्यांच्या संमतीनेच होईल. ब्रिटनच्या बाजूने 1998 चा उत्तर आयर्लंड कायदा आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार, बहुसंख्य लोक एकीकरणाच्या बाजूने मत देण्याची शक्यता दिसली तर उत्तर आयर्लंडचं खातं सांभाळणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याला सार्वमत घ्यावंच लागतं. कौल ‘नाही’ आला तर पुढची किमान सात वर्षं पुन्हा घेता येत नाही.

पण ‘शक्यता दिसली’ म्हणजे नेमकं काय दिसलं? पाहण्या? निवडणुकांतली मतं? विधानसभेतल्या जागा? कायद्यात निकष नाही. निकष जाहीर करा, अशी मागणी न्यायालयातही झाली. मंत्र्यावर तसं बंधन नाही, असा निकाल 2020 मध्ये बेलफास्टच्या अपील न्यायालयाने दिला.

आणि बहुमत म्हणजे साधं बहुमत, अर्धी मतं अधिक एक. शेमस मॅलन यांच्यासारख्या ज्येष्ठ नॅशनलिस्ट, म्हणजे एकीकरणवादी, नेत्यानेसुद्धा अखेरच्या काळात म्हटलं होतं की एवढ्या निसटत्या बहुमतावर एकीकरण करू नये, युनियनिस्टांमध्येही, म्हणजे ब्रिटनबरोबर राहू इच्छिणाऱ्यांमध्येही, पुरेशी संमती हवी. त्यांची तळमळ मला समजते, सूचना मात्र मान्य नाही. युनायटेड किंगडममध्ये राहायला साधं बहुमत पुरतं. बाहेर पडायला जास्त लागेल असं ठरवलं तर एका समाजाचं मत दुसऱ्याच्या मतापेक्षा हलकं होतं. 1998 चा करार याच समानतेवर उभा आहे. निसटत्या निकालाची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय मतमोजणीत शोधायचा नाही, अटी आधीच ठरवण्यात शोधायचा.

2021 च्या जनगणनेत उत्तरेत कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले 45.7 टक्के निघाले, प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे 43.5. कॅथलिक म्हणजे एकीकरणाच्या बाजूचे आणि प्रोटेस्टंट म्हणजे ब्रिटनच्या, असं सर्रास धरलं जातं. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की आता फक्त वाट पाहायची. तो चुकीचा आहे. त्याच जनगणनेत स्वतःची ओळख ‘फक्त ब्रिटिश’ सांगणारे 31.9 टक्के, ‘फक्त आयरिश’ 29.1 आणि ‘फक्त उत्तर आयरिश’ 19.8 टक्के होते. निकाल या तिसऱ्या गटाकडे आहे. हे लोक ध्वजापेक्षा दवाखाना, पगार आणि पेन्शन पाहून ठरवतील.

तेव्हा दवाखान्याकडे येऊ. उत्तरेत डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत. दक्षिणेत ज्यांच्याकडे मेडिकल कार्ड, म्हणजे मोफत उपचाराचं सरकारी कार्ड, नाही, त्यांतल्या बहुतेकांना एका भेटीचे साधारण 50 ते 60 युरो मोजावे लागतात. उत्तरेतल्या प्रतीक्षायाद्या भयंकर लांबल्या आहेत हे खरं, पण मोफत सेवा जाणार असं कळलं तर काठावरचा मतदार मागे फिरतो. उलट बाजूला पेन्शन आहे. 2025 मध्ये दक्षिणेत पूर्ण सरकारी पेन्शन आठवड्याला 289 युरो होतं, उत्तरेत 230 पौंड, म्हणजे साधारण 270 युरो. इथे उत्तरेचा फायदा आहे, आणि भार दक्षिणेच्या करदात्यावर.

हा भार किती? उत्तर आयर्लंडचा खर्च आणि तिथून जमा होणारा कर यांत वर्षाला सुमारे 10 अब्ज पौंडांची तफावत आहे, ती आज लंडन भरतं. पण या रकमेत ब्रिटनच्या संरक्षणखर्चाचा वाटा आहे, राष्ट्रीय कर्जाच्या व्याजाचा वाटा आहे, आणि ज्यांनी वर्गणी लंडनला भरली त्यांचं पेन्शनही आहे. वाटाघाटीत यातलं काय लंडनकडे राहील, त्यावर आकडा अब्जावधींनी हलतो. जॉन फिट्झजेराल्ड आणि एडगर मॉर्गनरॉथ या अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये वर्षाला 8 ते 20 अब्ज युरो असा अंदाज दिला. वरचा आकडा येतो तो उत्तरेतले पगार आणि भत्ते दक्षिणेच्या पातळीवर आणल्यामुळे. डब्लिनचे प्राध्यापक जॉन डॉयल यांनी या हिशेबाच्या गृहीतकांनाच आव्हान दिलं. माझ्या मते एक गोष्ट दोघांच्याही मांडणीतून निघते: पगार आणि भत्ते किती वर्षांत समान करायचे, हाच सर्वांत महाग निर्णय आहे, आणि तो मतदानाआधी सांगता येण्यासारखा आहे.

चिन्हांच्या तडजोडीला पैसा लागत नाही. तिथे मन लागतं. राष्ट्रकुलाचं उदाहरण घ्या, यात आपल्या देशाचाही संबंध आहे. आयर्लंड 18 एप्रिल 1949 रोजी प्रजासत्ताक झालं आणि राष्ट्रकुलातून बाहेर पडलं, कारण तेव्हा प्रजासत्ताकाला तिथे जागा नव्हती. दहाच दिवसांनी, 28 एप्रिलला, लंडन जाहीरनामा झाला आणि प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारतासाठी ती जागा तयार झाली. भारताने राजाला राष्ट्रकुलाचा प्रमुख मानलं, स्वतःचा राजा मानलं नाही. हा मार्ग एकत्र आयर्लंडलाही मोकळा आहे. त्याने सगळे युनियनिस्ट समाधानी होतील असं नाही, पण दक्षिणेने हा विषय उच्चारायलाही नकार द्यावा, हे मला पटत नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट नागरिकत्वाची आहे. उत्तरेत जन्मलेल्या माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही राहण्याचा हक्क आहे, आणि सार्वभौमत्व बदललं तरी तो टिकेल, असं करार सांगतो. आता दक्षिणेची घटना पाहा. केवळ ब्रिटिश नागरिक असलेला रहिवासी डॉइलच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत मत देऊ शकतो. पण तो उमेदवार होऊ शकत नाही, राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकत नाही आणि घटनादुरुस्तीच्या सार्वमतातही नाही. म्हणजे उत्तरेतल्या बॅलिमिना गावचा एखादा शेतकरी ‘मी फक्त ब्रिटिश’ म्हणाला, तर ज्या देशात तो न हलता येऊन पडला, त्याच देशाच्या घटनेवर त्याला मत नसेल. ही दुरुस्ती दक्षिणेला करावी लागेल, तीही शेजाऱ्यावर उपकार म्हणून नव्हे. 1998 च्या करारावर सहीच तशी केलेली आहे.

ब्रेक्झिटच्या वेळी आधी मतदान झालं आणि अर्थ नंतर शोधला गेला. उत्तर आयर्लंडने 55.8 टक्क्यांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता, तरी पुढची कित्येक वर्षं ब्रिटनहून येणाऱ्या मालाच्या बंदरांवरच्या तपासण्यांचा वाद त्यालाच भोगावा लागला. इथे निदान एक गाठ सुटलेली आहे: एकत्र आयर्लंडचा सगळा प्रदेश आपोआप संघात येईल, असं युरोपीय परिषदेने एप्रिल 2017 मध्ये मान्य केलं. बाकी यादी मोठी आहे. स्टॉर्मंटची, म्हणजे उत्तर आयर्लंडची, विधानसभा डब्लिनच्या छत्राखाली राहणार की विसर्जित होणार, प्रोटेस्टंट युनियनिस्टांच्या सणाची 12 जुलैची सुट्टी राहणार का, दोन पोलीस दलं एक होणार का.

आणि मत कोण देणार, हेही. ब्रिटिश कायदा एवढंच म्हणतो की मतदार कोण आणि प्रश्नाचे शब्द काय, हे सार्वमताच्या आदेशात लिहावं. नेहमीचीच मतदारयादी वापरली तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून बेलफास्टच्या रुग्णालयातल्या भारतीय परिचारिकेला या बेटाच्या भवितव्यावर मत असेल. डब्लिनमध्ये तेच काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, आयरिश नागरिकत्व घेतलेलं नसेल तर, ते नसेल.