दक्षिण टिपरेरीचं काय झालं?

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या काउंटीबद्दल, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाबद्दल, बोलायचंय ती २०१४ साली कागदावरून गेली. आयर्लंडची दक्षिण टिपरेरी. डोंगर, नदी, गाई सगळं जागच्या जागी आहे. गेलं ते कौन्सिल, म्हणजे तिथला कारभार पाहणारी निवडून आलेली परिषद.

मुलूख मोठा देखणा. पश्चिमेला गॉल्टी पर्वत, त्यातलं गॉल्टीमोर शिखर नऊशे मीटरच्या वर. दक्षिणेला नॉकमील्डाउन, पूर्वेला एकटाच उभा स्लीव्हनामॉन. मधल्या चुनखडीच्या सपाटीवर गवत असं जोमानं वाढतं की या पट्ट्याला नावच पडलंय 'सोनेरी दरी'. दूधदुभत्याचा सगळा धंदा या गवतावर चालतो. त्याच सपाटीत कॅशलचा खडक एकदम वर आलेला दिसतो. मन्स्टर या दक्षिण आयर्लंडातल्या प्रांताच्या राजांची ही गादी ११०१ साली राजानंच चर्चला देऊन टाकली.

शूर नावाची नदी मात्र उगम पावते उत्तर टिपरेरीत. थर्लेस, केअर अशी गावं घेत ती दक्षिणेला उतरते, पुढे डोंगर आडवे येतात तशी वळते आणि क्लॉनमेलवरून वॉटरफर्डकडे निघून जाते.

मग एकाच नदीच्या या मुलखाचे दोन भाग का? सगळ्या टिपरेरीचा कारभार जिथून चाले ते क्लॉनमेल अगदी दक्षिणेच्या टोकाला. उत्तरेकडच्या माणसानं कोर्टकचेरीसाठी तिथवर यायचं म्हणजे हालच. म्हणून १८३८ साली काउंटी विभागली आणि उत्तरेला नीना गावी वेगळा कारभार सुरू झाला. १८९८ च्या कायद्यानं दोन्हीकडे निवडून आलेली कौन्सिलं आली. रस्ते, घरबांधणी, वाचनालयं, अग्निशमन ही त्यांची कामं. पोलीस त्यांच्या हाती कधीच नव्हते.

हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या मैदानावर ही फाळणी कुणी मानली नाही. निळ्या-सोनेरी कपड्यांतला टिपरेरीचा संघ एकच राहिला. २०१० साली त्यानं अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं, तेव्हा कौन्सिलं दोन होती!

२०१४ मध्ये सरकारनं खर्चाचं कारण देऊन दोन्ही एक केली. दक्षिणेचे २६ आणि उत्तरेचे २१ सदस्य जाऊन ४० जणांचं एक कौन्सिल आलं. त्याच वेळी देशभरातली नगर कौन्सिलंही बंद झाली, आणि माझ्या मते लोकांना जास्त लागलं ते हेच. गल्लीतल्या दिव्याची तक्रार ऐकणारा माणूस दूर गेला. कचेऱ्या मात्र नीना आणि क्लॉनमेल अशा दोन्ही ठिकाणी ठेवाव्या लागल्या. १८३८ मधलं अंतर अजून तेवढंच आहे ना.


नमस्कार.