पहिल्या तासाचा गुण

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते इंग्रजी अमदानीतल्या फिरत्या डोळेवाल्यांबद्दल आणि कानवाल्यांबद्दल. गावात बाजाराच्या आदल्या दिवशी दवंडी पिटायची, धर्मशाळेच्या ओट्यावर चटई टाकायची, शेजारी सर्टिफिकिटांचं बाड ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत मुक्काम हलवायचा, असा हा धंदा होता. उत्तरेत या नेत्रवैद्यांना सथिये म्हणत, पंजाबात रावल. आपल्याकडचे वैदू निराळे. झोळीत मुळ्या, तुंबडी आणि जळवा घेऊन ते सगळ्याच दुखण्यांवर उपचार करत. डोळ्यात सुई घालणं हे खास कसब होतं आणि ते घराण्यात बापाकडून मुलाकडे येई.

या मंडळींना सरसकट लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मग एक प्रश्न सुटत नाही. जे गाव बैल घेताना चार वेळा दात मोजतं, ते याच्यापुढे डोळा कसा धरायचं? कारण गुण खरोखर यायचा. तो यायचा पहिल्या तासात, सगळ्यांच्या देखत. जाहिरातीला तेवढं पुरत होतं.

मोतीबिंदू म्हणजे बाहुलीमागचं भिंग गढूळ होणं. हे भिंग बारीक तंतूंनी चहूकडून टांगलेलं असतं. ते तंतू तोडून भिंग खाली, डोळ्याच्या आतल्या गरात ढकललं की बाहुलीची वाट मोकळी होते आणि उजेड आत शिरतो. या कृतीत भिंग बाहेर काढत नाहीत, नुसतं बाजूला सारतात.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ही कृती तपशिलानं दिली आहे. शलाका म्हणजे सळई आठ अंगुळं लांब, मध्ये दोरा गुंडाळलेली, टोक कळीसारखं. रोग्याला बसवून नाकाच्या शेंड्याकडे पाहायला सांगायचं. डाव्या डोळ्याला उजवा हात, उजव्या डोळ्याला डावा. पांढऱ्या भागात, शिरा टाळून, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूनं टोचायचं. वेध बरोबर बसला तर बारीक आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग दुसरी नाकपुडी दाबून जोरानं शिंकरायला लावायचं. नंतर तुपाची पट्टी, उताणं निजणं, आणि शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं यांना बंदी. डोळा, कान, नाक या सगळ्या मानेवरच्या रोगांच्या शाखेला शालाक्य म्हणतात तेही याच शलाकेवरून. डोळ्याचा आणि कानाचा उपचार एकाच पिशवीतून निघायचा, यात नवल नाही.

आता फिरता नेत्रवैद्य प्रत्यक्षात काय करायचा ते पाहू. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी याचा चिकाटीनं अभ्यास केला. सुई घातलेले साडेसातशेहून जास्त डोळे त्यांनी नोंदवले, काढून टाकावे लागलेले डोळे कापून आतली मोडतोड पाहिली आणि १९१७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यावर व्याख्यानं दिली. त्यांनी दोन रीती सांगितल्या. एकीत अणकुचीदार सुई समोरून, पारदर्शक बुबुळातून आत जाते. दुसरी रीत सुश्रुताच्या जवळची आहे. आधी लहान नस्तरानं पांढऱ्या भागाला छेद द्यायचा. नस्तराला कापूस किंवा दोरा गुंडाळून जेमतेम टोक उघडं ठेवलेलं असे, म्हणजे ते फार खोल जाऊ नये. मग बोथट तांब्याची सळई त्या छेदातून घालून भिंगाच्या डोक्यावर टेकवायची आणि खाली दाबायचं. आज डोळ्याच्या आतल्या गरावर काम करणारे सर्जनही बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, त्याच भागातून आत शिरतात. जागा चांगलीच निवडलेली होती.

सगळं दोन-चार मिनिटांत उरकायचं. पट्टी बांधण्याआधी नेत्रवैद्य रोग्यापुढे बोटं धरायचा. किती? तीन. आणि आता? दोन. वर्षभर भिंत चाचपत चालणारी म्हातारी सगळ्यांसमोर बोटं मोजते, यापुढे छापील हस्तपत्रक काय करणार? पैसे तिथंच, त्याच घटकेला हातात पडायचे. पट्टी आठवडाभर सोडायची नाही, ही ताकीद असायची. ती सुश्रुताच्या पथ्याला धरून होती हे खरं. पण पट्टी सुटेपर्यंत नेत्रवैद्य चार बाजार पुढे गेलेला असे, हेही तितकंच खरं.

पट्टीखाली काय चालायचं? पहिली भीती पू होण्याची. सळई पुसायची धोतराच्या सोग्याला आणि ओली करायची तेलानं, कधी थुंकीनं. डोळ्याच्या आतला गर म्हणजे जंतूंना आयतं वाढायला भांडं. दोन-तीन दिवसांत ठणका, सूज, मग डोळा पिकून आक्रसून जायचा. पू झाला नाही तरी भिंगाचं आवरण फाटलं असलं की आतला गाभा डोळ्यात पसरतो आणि दाह आठवडेच्या आठवडे चालतो. डोळ्यातल्या पाण्याची वाट तुंबली तर दाब चढतो, म्हणजे काचबिंदू, आणि ती नजर परत येत नाही. काही वेळा सगळे तंतू तुटत नाहीत. मग भिंग बिजागरीवरच्या झडपेसारखं लोंबतं आणि मान खाली घातली की पुन्हा बाहुलीत येतं. तरुण माणसाचे तंतू चिवट असतात, त्यामुळे तिथं ओढाताण जास्त होते आणि मागचा पडदा सुटायचा धोका राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे दुखावलेल्या डोळ्यापायी धडधाकट डोळ्यालाही दाह होणं. हे विरळा, पण झालं तर माणूस दोन्ही डोळ्यांनी जायचा.

दुसरी गफलत निदानातच. मोतीबिंदू कितीही पिकला तरी दिव्याचा उजेड कुठल्या बाजूनं येतो हे रोग्याला कळतं. अंधाऱ्या खोलीत दिवा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली धरून विचारायचं. तेही सांगता आलं नाही तर दुखणं मागच्या पडद्याचं किंवा नसेचं आहे, भिंग हलवून काही मिळणार नाही. ही परीक्षा पैशाची नाही, फक्त मिनिटभराची आहे. पण जो करील त्याचं गिऱ्हाईक कमी होणार.

एलियट यांच्या आकड्यांत फुकट गेलेले डोळे निम्म्याहून जास्त होते. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रुग्णालयात येतो तो बिघडलेला. ज्याचं बरं झालं तो शेतावर जातो, डॉक्टरकडे कशाला येईल? तेव्हा खरं प्रमाण त्या कागदावर दिसतं त्यापेक्षा थोडं बरं असणार. पण तेच उलटही लागू आहे. ज्याचा डोळा गेला तो घराच्या कोपऱ्यात बसायचा आणि बाजारात फिरून गुण सांगणारा तो एकटा बरा झालेलाच. फुकटची जाहिरात ती हीच.

दवाखाने नव्हते का? होते. मद्रासला १८१९ पासून डोळ्यांचा दवाखाना होता. मुंबईत १८४५ साली जमशेटजी जीजीभाईंचं रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. भिंग कापून बाहेर काढायची रीत फ्रान्सच्या दाव्हिएल या सर्जननं अठराव्या शतकाच्या मध्यालाच रूढ केली होती. पण १८८४ साली डोळा बधिर करायला कोकेन हाती येईपर्यंत ती बहुधा शुद्धीवरच सोसावी लागे. जखम मोठी, टाका नाही, म्हणून दोन्ही डोळे बांधून दिवसेंदिवस हलायचं नाही. मुंबई लांब, सोबत माणूस हवा, सोवळ्याओवळ्याची पंचाईत, आणि परत येईस्तोवर पेरणी गेलेली. नेत्रवैद्य मात्र दारात येत होता. दोन्हीकडच्या रोग्यांना एक गोष्ट सारखीच लागू होती. भिंगाशिवायचा डोळा सुमारे अधिक दहा नंबरच्या जाड चष्म्याशिवाय अधूच. तो नसला की बोटं मोजता येतात, पण सुईत दोरा ओवता येत नाही.

आता कान. इथंही गुण पहिल्या तासाचाच, आणि तो खराही असू शकतो. मळाचा बोळा पाण्यानं फुगला की कानाला एका रात्रीत दडा बसतो. सळई आणि चिमट्यानं तो निघाला की त्या क्षणी ऐकू येतं. लोकांना वाटतं, बहिरेपण गेलं. पण बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, तिच्या टोकाला कानाचा पडदा. बसलेल्या माणसाला शेजाऱ्याचा धक्का लागला तरी सळई पडद्यातून आरपार जाते. मळ आत रेटला जाणं तर रोजचंच. आणि ज्याची कानामागची नसच गेली आहे, त्याला किती कोरलं तरी काय?

मग तिथं हातचलाखी यायची. कानातला किंवा दातातला किडा काढून दाखवणं. याची कृती सांगतो. तापलेल्या लोखंडावर तेल आणि रिंगणीच्या बिया टाकायच्या, त्यावर नळकांडं उपडं धरून धूर कानाला नाहीतर दाताला द्यायचा. खाली पाण्याचं भांडं. बिया तडकतात, त्यांच्या आतला वळलेला पांढरा कोंब सुटतो आणि पाण्यात पडतो. तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. इंग्लंडात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा, आणि तिथल्या वनस्पतींच्या एका जुन्या ग्रंथात सोळाव्या शतकाच्या अखेरीसच त्याचं बिंग फोडलेलं आहे. ज्याच्या कानात खरोखर किडा शिरलाय, त्याला मात्र धूर नको. कोमट तेलाचे दोन थेंब टाकले की किडा मरतो, मग डॉक्टरकडून काढून घ्यावा. पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर तेलही नको. आणि मुलानं कानात वाटाणा घातला असेल तर पाणी घालू नका. तो फुगतो आणि नळीत घट्ट बसतो.

पुढे हा धंदा पायी फिरायचा थांबला आणि टपालानं फिरू लागला. १८७७ साली व्ही. पी. सुरू झाली. छापील जाहिरातीतलं नेत्रांजन किंवा कर्णतेल पोस्टमन दारात आणून द्यायचा आणि पैसे घेऊन जायचा. इथं गुण देखत दाखवता येत नव्हता, म्हणून शब्द वाढले. सुईशिवाय मोतीबिंदू कापरासारखा उडेल, ही त्यातली नेहमीची भाषा. अंजनानं गढूळ भिंग निवळत नाही. डोळ्यातून घळाघळा पाणी येतं, मिनिटभर स्वच्छ वाटतं, एवढंच. त्या मिनिटाचेच पैसे.

कायद्यानं हे हळूहळू आवळलं. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानं डॉक्टरांची नोंदवही आली. १९१६ च्या कायद्यानं वाटेल त्यानं वैद्यकीय पदव्या वाटायला बंदी केली. पण त्याहून जास्त परिणाम झाला तो डॉक्टरच फिरू लागल्यानं. पंजाबात मोग्याचे डॉ. मथुरादास यांनी आणि तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीत जन्मलेल्या डॉ. एम. सी. मोदींनी विसाव्या शतकाच्या चाळिशीनंतर गावोगाव शिबिरं भरवली. एका दिवसात शेकड्यांनी डोळे हातावेगळे व्हायचे. फरक होता तो उकळलेल्या हत्यारांचा, आणि पट्टी सोडायला कोणीतरी थांबण्याचा.

१९५४ साली औषधे व जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. कोणकोणत्या रोगांवर गुण येतो अशी जाहिरात करायची नाही, त्याची यादी त्याला जोडलेली आहे. तीत अंधत्व आहे, मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे आणि बहिरेपणही आहे. हा कायदा जाहिरातीवर चालतो. मुंबईत स्टेशनबाहेर लाल पगडीत सळई खोचून उभा असलेला कानवाला तोंडातून चकार शब्द काढत नाही. पगडी पाहून गिऱ्हाईक आपण होऊन त्याच्यापुढे मान तिरकी करतं.

नमस्कार.