माळ्यावरची मुंज

नमस्कार मंडळी, मी ठाण्याहून, नौपाड्यातून बोलतोय. गेल्या रविवारी माळा आवरायला काढला आणि धुळीतून निघाली मावसभावाच्या मुंजीची सीडी, वर कडेकडेने बॉलपेनने दाबून दाबून लिहिलेलं, मुंज, ठाणे. लावली तर मंगलाष्टकं झकास, मुंडावळ्या बिंडावळ्या सगळं दिसलं, आणि भिक्षावळ सुरू झाली की चित्र जे गोठलं ते गोठलंच.

आता बघा, आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपतो, पण सीडीत डेटा असतो वरच्या, लेबलच्या बाजूला, पातळ वार्निशसारख्या थराखाली. खालून 1.2 मिलिमीटर प्लास्टिक आहे, वरून जवळपास काहीच नाही. शिवाय सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे कडेला शेवटचा भाग, आणि मावशीचं पेन नेमकं भिक्षावळीवर फिरलं! डीव्हीडीत हे बरंय, थर दोन 0.6 मिलिमीटरच्या चकत्यांच्या मधे सँडविचसारखा असतो.

ही सीडी आर होती, म्हणजे आत एक रंगद्रव्य, लेझरने ते एकदा भाजलं की भाजलं. उन्हाने ते बिघडतं, म्हणून खिडकीतल्या शोकेसमधे ठेवू नका. सीडी आर डब्ल्यूमधे, म्हणजे पुसून पुन्हा लिहायच्या सीडीत, रंग नसतो, मिश्रधातू असतो, तापवून त्याचं रूप पालटतं, म्हणून साधारण हजार वेळा पुसून लिहिता येतं, पण चमक फार कमी, त्यामुळे जुने सीडी प्लेअर तिला ओळखच दाखवत नाहीत.

आणि ते डीव्हीडीच्या नावातलं प्लस मायनस, डीव्हीडी प्लस आर आणि डीव्हीडी मायनस आर! दुकानात सगळे मायनस म्हणायचे, खरं ती नुसती डॅश. डॅशवाली पायोनिअरने 1997 ला आणली, प्लसवाली सोनी फिलिप्स वगैरेंच्या दुसऱ्या गटाची, 2002 ची, भांडण त्यांचं आणि गिऱ्हाईक आपण, बाकी नंतरचे डिस्क लिहिणारे ड्राइव्ह दोन्ही लिहायचे. 4.7 जीबी दोन्हींवर, कॉम्प्युटर 4.38 दाखवतो कारण तो 1000 ऐवजी 1024 ने मोजतो, दुकानदाराने काही फसवलेलं नसतं. आणखी एक, फायनलाइझ न केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटी बंद न केलेली डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर बहुतेक वेळा लागत नाही, लगेच फेकून देऊ नका, आधी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमधे घालून बघा.

तर मुंजीची दुसरी प्रत ऐरोलीच्या काकांकडे आहे, डीव्हीडी, डॅश आर. शनिवारी यूएसबीवाला ड्राइव्ह पिशवीत घालून ट्रान्स हार्बरची लोकल पकडणार आहे. फोनवर मुद्दाम विचारलं, काका, पेनने काही लिहिलं नाही ना वर? तर म्हणाले छे रे, मी छान कागदी स्टिकर चिकटवलंय. आता कागद एका बाजूला सरकलेला असला की डिस्क फिरताना थडथडते, हे त्यांना फोनवर कुठे सांगत बसू, म्हटलं काका, मी येईपर्यंत लावू नका फक्त.