नळीतल्या द्रवाचा हिशेब

आयसीयूतल्या खाटेशेजारी टांगलेली ही पिशवी पाहा. तिच्यात थेंबाथेंबाने उतरतंय ते सलाइन नव्हे. हा मेंदूच्या पोकळ्यांमधून बाहेर येणारा द्रव आहे, डॉक्टरांच्या भाषेत सीएसएफ.

प्रौढ माणसाच्या शरीरात तो एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो, आणि रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. रक्तस्रावाने किंवा गाठीने त्याची वाट अडली, की कवटीतला दाब चढू लागतो. मग कवटीला बारीक छिद्र पाडून थेट पोकळीत नळी सोडतात. हीच ईव्हीडी. ती जीव वाचवते. पण तिच्याच वाटेने जंतूही आत शिरू शकतात. अनेकदा ते त्वचेवर एरवी निमूट राहणारे स्टॅफिलोकोकस असतात. नळीच्या भिंतीवर चिकट थर करून ते ठाण मांडतात.

संसर्ग झालाय हे कळणार कसं? पेशंट बेशुद्ध, डोकं दुखतंय हे तो सांगू शकत नाही. ताप म्हणाल, तर तो नुसत्या रक्तस्रावानेही येतो. मानही त्यानेच ताठरते. म्हणून नजर वळते द्रवाकडे.

निरोगी सीएसएफमध्ये एका मायक्रोलिटरला जेमतेम पाचपर्यंत पांढऱ्या पेशी असतात. इथे मात्र पोकळीत रक्त सांडलंय, आणि रक्तासोबत त्यातल्या पांढऱ्या पेशीही आल्यात. मग रिपोर्टमधल्या १०० पेशी जंतूंशी लढायला आलेल्या, की रक्ताबरोबर वाहत आलेल्या?

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये यावर एक साधा भागाकार मांडला: सेल इंडेक्स. सीएसएफमधलं पांढऱ्या-लाल पेशींचं प्रमाण काढायचं आणि त्याला रक्तातल्या त्याच प्रमाणाने भागायचं.

आकडे घालून बघू. समजा, पेशंटच्या रक्तात ५०० लाल पेशींमागे १ पांढरी आहे. सीएसएफमध्ये लाल ५०,००० आणि पांढऱ्या १००, म्हणजे प्रमाण तेच. इंडेक्स १. पुढच्या नमुन्यात लाल पेशी १०,००० वर उतरल्या, पांढऱ्या मात्र १०० च. वरवर पाहता काहीच बिघडलेलं नाही. पण रक्त ओसरताना पांढऱ्या पेशीही २० च्या आसपास यायला हव्या होत्या. इंडेक्स ५ झालाय! इन्सब्रुकच्या पाहणीत या वाढीने संसर्गाची चाहूल नेहमीच्या पद्धतींपेक्षा तीन दिवसांपर्यंत आधी दिली. पाहणी अगदी लहान होती, हे मात्र विसरू नये. शिवाय सांडलेलं रक्त स्वतःच दाह निर्माण करतं, त्यानेही इंडेक्स वाढू शकतो.

ग्लुकोज आणि लॅक्टेट (ऑक्सिजनविना ग्लुकोज वापरताना बनणारा पदार्थ) यांचीही तीच गत. सीएसएफमधलं ग्लुकोज रक्तातल्या ग्लुकोजच्या सुमारे दोन तृतीयांश असतं; संसर्गात ते घटतं आणि लॅक्टेट चढतं. पण ऑक्सिजन न मिळालेला मेंदूही लॅक्टेट बनवतो, आणि सांडलेल्या लाल पेशीही. एकट्या आकड्यावर विसंबणारा इथे फसतो. कालचा आकडा शेजारी ठेवला, तर तोच आकडा बोलू लागतो.

मग रोजच नमुना का घेत नाहीत? कारण बंद नळी उघडण्याची प्रत्येक वेळ ही जंतूंना दिलेली संधी असते. म्हणून अनेक ठिकाणी शंका आली तरच नमुना घेतात, तोही पिशवीतून नव्हे, नळीला पेशंटच्या जवळ असलेल्या पोर्टमधून, म्हणजे नमुना घेण्याच्या तोंडातून, निर्जंतुक हातमोजे घालून.

उरतं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं. निर्णायक म्हणावं तर तेच, पण त्यालाही दिवस लागतात. आधीच अँटिबायोटिक चालू असेल, तर संसर्ग असूनही काहीच उगवत नाही. उलट त्वचेवरचा जंतू नमुन्यात मिसळला, तर नसलेला संसर्ग दिसतो. त्यामुळे शंका दाट असेल, तर नमुना घेऊन लगेच व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेमसारखी औषधं सुरू करतात, आणि शक्य तर नळीही बदलतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखे जंतू फार सावकाश वाढतात; त्यांच्यासाठी कल्चरची बशी किमान दहा दिवस टाकून द्यायची नसते.