रिम आणि रस्ता यांच्यामधले ९८ मिलिमीटर

(दृश्य : चाकाचा क्लोजअप. गाडी ताशी २० किलोमीटरने काँक्रीटच्या सांध्यावर चढते. स्लो मोशन.)

बघा, सांध्याची कड टायरला लागली. कड जेमतेम २० मिलिमीटर उंच आहे. टायर दबला, बाजूची भिंत बाहेर फुगली, कड रबरात रुतली आणि चाक पुढे सरकलं. रिम फारशी उचललीच गेली नाही. आता हीच गाडी, हाच सांधा आणि हाच वेग, फक्त रिम दोन इंचांनी मोठी. कड लागताच अख्खी रिम वर उसळते. पहिल्या वेळी आत बसलेल्याला 'टप्' असा आवाज येतो, दुसऱ्या वेळी तोच दणका पाठीच्या कण्यात जाणवतो.

स्पोर्ट्स कार कडक असणार, हे ती घेताना माहीत असतंच. पण त्या कडकपणातला स्प्रिंगांचा वाटा किती आणि चाकांचा किती, हे वेगळं काढून बघायला हवं. स्प्रिंग कडक ठेवल्या की वळणावर गाडी झुकत नाही, त्याचा काही उपयोग आहे. चाकं मात्र बऱ्याचदा नुसती दिसायला चांगली म्हणून मोठी केलेली असतात.

(दृश्य : टायरवर कोरलेले आकडे. बोट एकेका आकड्यावर थांबतं.)

२४५/४० आर १८. यातले २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० हा उंचीचा आकडा वाटतो, पण ते रुंदीचे ४० टक्के आहेत. २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, ही झाली टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, टायरची बांधणी. १८ हा रिमचा व्यास, इंचांत.

ही टक्केवारी नीट न वाचल्यामुळे बरेच जण फसतात. पोर्शे ९११च्या ९९२ पिढीतल्या कॅरेरा मॉडेलला मागे २९५/३५ आर २० टायर येतात. ३५ ऐकून टायर पातळ वाटतो, पण २९५ चे ३५ टक्के १०३ मिलिमीटर होतात, म्हणजे आपल्या ४० वाल्या टायरपेक्षा ही भिंत उंचच आहे. त्याच गाडीच्या कॅरेरा एसला मागे ३०५/३० आर २१ येतात आणि तिथे भिंत साडेएक्क्याण्णव मिलिमीटरवर येते. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना नुसते इंच बघू नका, मिलिमीटर काढा.

आता बाहेरचा व्यास जवळपास तोच ठेवून फक्त रिम मोठी करत जाऊ. २४५/४५ आर १७ ची भिंत ११० मिलिमीटर, २४५/४० आर १८ ची ९८, २४५/३५ आर १९ ची ८६ आणि २४५/३० आर २० ची साडेत्र्याहत्तर. या चारही मापांत चाकाचा पूर्ण व्यास ६५२ ते ६५५ मिलिमीटरच्या मध्येच आहे, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक कळतही नाही. पण दर इंचामागे रिम आणि रस्ता यांच्यामधली सव्वाबारा मिलिमीटर जागा गेलेली असते.

(दृश्य : कापलेल्या टायरचा छेद, रिमवर बसवलेला.)

आणि या ९८ मिलिमीटरपैकी सगळे कामाचे नसतात. रिमचा काठ सतरा मिलिमीटरच्या आसपास वर आलेला असतो. गाडी नुसती उभी असतानाही, चाकावर ४०० किलो भार धरला, तर टायर पंधरा ते वीस मिलिमीटर दबलेला असतो. वजाबाकी केली तर दणका सोसायला साठ-पासष्ट मिलिमीटर उरतात. २० इंची रिमला हेच गणित लावा, हातात चाळीसच्या आसपास राहतात. त्यातही रस्त्याला टेकणारं रबर आणि त्याखालचे तारांचे पट्टे यांचा थर वजा केलेला नाही.

गाडीला प्रत्येक चाकावर दोन स्प्रिंग असतात असं समजा. एक दिसते, सस्पेन्शनची. दुसरी म्हणजे टायरमधली हवा. टायरची स्प्रिंग कितीतरी कडक असते, साधारण २०० ते ३०० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे वीस-तीस किलो भार टाकला की ती एक मिलिमीटर दबते. सस्पेन्शन रस्त्याच्या मोठ्या चढउतारांवर काम करतं, कारण गाडीचं धूड स्प्रिंगवर सेकंदाला दीड-दोनदाच वरखाली होतं. बारीक, धारदार कड मात्र इतक्या पटकन येते आणि जाते की शॉकअपच्या सीलचं घर्षण आणि रबरी बुश यांच्यापुढे सस्पेन्शन हलायच्या आतच धक्का वर पोचतो. तो गिळायचं काम एकट्या टायरचं असतं.

म्हणूनच डॅशबोर्डवर 'कम्फर्ट' बटण दाबूनही छोट्या कडा लागतच राहतात. बटणाने शॉकअप सैल होतात, पण टायरची भिंत आहे तेवढीच राहते. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचा सगळ्यात जास्त त्रास सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या टप्प्यात होतो. गाडीचं धूड त्या टप्प्यापेक्षा हळू डोलतं, चाक त्यापेक्षा वेगाने, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळतं. चाक जड झालं की त्याची उसळी त्या त्रासदायक टप्प्याकडे खाली सरकते.

वजन वाढतंच. धातू टायरपेक्षा जड, आणि मोठ्या रिममध्ये तो धातू मधल्यापेक्षा कडेला जास्त जातो. इंच वाढला की चाकामागे साधारण एखाद-दीड किलोची भर पडते. फोर्ज्ड, म्हणजे धातू ओतून न करता दाबून घडवलेली रिम घेतली तर ती भर बरीचशी भरून निघते, कारण तेवढीच ताकद कमी धातूत मिळते. पण हलकी रिम हरवलेली भिंत परत आणत नाही. वजन कमी करून चाक कमी उसळेल, पहिला धक्का तसाच बसेल.

मग मोठी चाकं आलीच का? ब्रेकमुळे. वेगवान गाडीला मोठी डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा मोठा कॅलिपर लागतो, आणि तो रिमच्या पोटात बसायला हवा. शिवाय उंच भिंत वळताना वाकते, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी क्षणभर उशिरा वळते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पोर्शे ९११ टर्बोला पिरेलीचा पी७ टायर मिळू लागला, मागे २२५/५० व्हीआर १५, तेव्हा तो फारच चपटा मानला गेला. त्याची भिंत ११२ मिलिमीटर होती. म्हणजे त्या वेळचा चपटा टायर आज आरामाचा वाटेल एवढा उंच होता. माझदा एमएक्स-५ च्या एनडी पिढीतल्या साध्या मॉडेलला १९५/५० आर १६ टायर येतात. ही भिंत साडेसत्त्याण्णव मिलिमीटरची, रिम छोटी, गाडी हलकी, आणि वळणावरची मजा शाबूत. आमच्या मते ब्रेकवर बसेल ती सगळ्यात लहान रिम हीच स्पोर्ट्स कारची योग्य रिम.

(दृश्य : टायरवरचा भार-निर्देशांक, ९३वाय. शेजारी 'एक्सएल' शिक्का.)

आता एक गोष्ट जी दुकानात फारसं कोणी सांगत नाही. ९३ म्हणजे टायरची ६५० किलो उचलायची क्षमता, वाय हा वेगाचा निर्देशांक. साधा २४५/४० आर १८ हे वजन २.५ बारला पेलतो. २४५/३५ आर १९ मात्र सहसा एक्सएल, म्हणजे जास्त दाबाला जास्त भार पेलणाऱ्या बांधणीत येतो, आणि त्याला ६५० किलो पेलायला २.९ बार लागतात. ०.४ बार म्हणजे जवळपास ६ पीएसआय. भिंत कमी झाली आणि वर हवाही जास्त भरावी लागली, आराम दोन्हीकडून गेला. जुन्याच दाबावर नवा टायर चालवला, तर तो त्या भाराला कमी पडतो, आतून तापतो आणि कडांनी झिजतो.

हवेचा ताठरपणावर थेट परिणाम होतो. त्यामुळे 'थोडी हवा कमी केली की गाडी मऊ होते' हे खरंच आहे. पण पातळ भिंतीच्या टायरवर ती तडजोड रिमच्या जिवावर बेतते. दाब गाडीच्या दाराच्या खांबावर लावलेल्या स्टिकरवरचाच ठेवा. टायरवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. मोजायचं थंड असताना, गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर. तापमान ५ ते ६ अंश चढलं की दाब सुमारे १ पीएसआय चढतो. चालवून गरम झालेल्या टायरची हवा काढली, तर सकाळी तो कमीच भरेल.

रनफ्लॅट टायर हा वेगळाच विषय आहे. त्याच्या भिंतीत जाड रबराचा आधार असतो, म्हणून हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरने सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. तोच आधार रोजच्या दणक्यातही ताठ उभा असतो. साधे टायर घातले तर फरक पहिल्याच खड्ड्यात कळतो, पण मग पंक्चर किट किंवा स्टेपनीची सोय करावी लागते. आत फोम चिकटवलेले टायरही मिळतात. ते हवेच्या पोकळीतला घुमणारा आवाज कमी करतात, धक्का नाही.

(दृश्य : टायरवर आलेला फुगा. बोटाने दाबून दाखवतात.)

खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली गेली की आतले दोरे तुटतात आणि तिथे फुगा येतो. याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचा. फुगा आतल्या बाजूलाही येतो आणि रिमही बहुधा आतल्या काठालाच वाकते, त्यामुळे गाडी जॅकवर घेतल्याशिवाय दिसत नाही. ताशी १०० च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी इकडेच बघा. या आकाराचं चाक त्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेऱ्या घेतं, आणि चाकाची स्वतःची उसळीही तिथेच असते. म्हणून रिमचा मिलिमीटरभर वाकडेपणा किंवा थोडं बिघडलेलं बॅलन्सिंग नेमकं त्याच वेगाला जाणवतं.

रिम एक इंच लहान करायची ठरवली, तर आधी कॅलिपर. रिम बसवून हाताने फिरवा, कॅलिपर आणि स्पोक, कॅलिपर आणि रिमची आतली भिंत यांच्यात निदान ३ मिलिमीटर फट हवी, आणि बॅलन्सिंगची वजनं आत चिकटवल्यावरही ती राहायला हवी. बाहेरचा व्यास मूळच्या जवळ ठेवा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या व्यासांचं प्रमाण बदललं, तर चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल आणि क्लच सतत घासत राहतात. भार आणि वेगाचे निर्देशांक मूळपेक्षा खाली नकोत. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, तोच ठेवा. अर्धा इंच रुंद रिम त्याच ऑफसेटला घेतली तर ती दोन्ही बाजूंना सव्वासहा मिलिमीटर सरकते, म्हणजे आत सस्पेन्शन आणि बाहेर मडगार्ड, दोन्हीकडे जागा बघावी लागते.

बोल्टची बैठक शंकूसारखी आहे की गोल, ते रिमशी जुळवा. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल आणि त्यात घट्ट बसणारी रिंग नसेल, तर बोल्ट कसले तरी चाक नेमकं केंद्रात बसेलच असं नाही. टॉर्क रेंचने कसून झाल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवा, चाकं थंड होऊ द्या आणि तोच टॉर्क लावून प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा.

(दृश्य : तोच काँक्रीटचा सांधा. रेंचचा 'कट्' असा आवाज, मग चाक सांध्यावरून जातं.)