भिंतीवरचे ग्रहण

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रहणाच्या दिवशी पाण्याच्या हंड्यावर तुळशीचे पान का ठेवतात आणि मोक्ष झाल्यावर न्हाणीपुढे रांग का लागते, हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते ग्रहण लागले की दुर्बीण, वही आणि घड्याळ घेऊन अंगणात उतरणाऱ्या हौशी मंडळींविषयी. गोव्यात अशी मंडळी बरीच आहेत. पणजीच्या जुन्ता हाउसच्या गच्चीवरील वेधशाळेत शनीची कडी प्रथम पाहिली आणि मग या नादातून सुटलोच नाही, असे सांगणारे मला अनेक भेटले आहेत.

हा छंद आपल्याकडे एकट्याने करण्यासारखा नाही, आणि त्याचे कारण पाऊस आहे. 27 जुलै 2018 च्या रात्री चंद्राची खग्रास स्थिती 103 मिनिटे टिकणार होती, एवढे दीर्घ चंद्रग्रहण या शतकात दुसरे नाही. पण जुलै म्हणजे आपल्याकडे काय असते ते तुम्ही जाणता. म्हणून आम्ही पांगतो. कोणी चोर्ला घाटात जातो, कोणी केरीच्या किनाऱ्यावर, कोणी घरच्याच पायरीवर बसतो, आणि रात्रभर एकमेकांना फोन करून एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडे फाटले का?" ज्याच्याकडे ढग फाटले, त्याची वही ती सगळ्यांची वही.

आता 26 डिसेंबर 2019 ची सकाळ सांगतो. त्या दिवशीचे सूर्यग्रहण केरळात कासारगोड जिल्ह्यातील चेरुवत्तूर येथे कंकणाकृती दिसणार होते, आणि आमच्यातले निम्मे लोक आदल्या दिवशी कोकण रेल्वेने तिकडे निघून गेले. उरलेले आम्ही फोंडा तालुक्यातील एका मित्राच्या जुन्या, राजांगणाच्या (मधोमध मोकळे अंगण असलेल्या) घरी जमलो. आपल्याकडे ग्रहण खंडग्रासच होते, तरी सूर्यबिंबाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग झाकला जाणार होता, तेव्हा ते काही थोडे नव्हे. दुर्बिणीपुढे लावायचा सौर फिल्टर माझ्या ताब्यात होता. सकाळी सात वाजता, शिस्तीप्रमाणे, मी तो विजेच्या दिव्यासमोर धरून पाहिला आणि माझे तोंड उतरले. पावसाळ्यात तो मी कपाटात कशाखाली तरी दाबून ठेवला होता. त्याला एक ठसठशीत घडी पडली होती आणि त्या घडीवर टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके लकाकत होती. असा फिल्टर दुर्बिणीला लावणे म्हणजे डोळा गमावणे. हे पुन्हा सांगतो, श्रोतेहो: फिल्टर प्रत्येक वेळी दिव्यासमोर धरून तपासावा, आणि एक जरी भोक दिसले तरी तो टाकून द्यावा. मी तो तिथेच कात्रीने कापला. दुर्बीण तिपाईवर झाकण घालून उभी राहिली, आणि एकच ग्रहण-चष्मा आम्ही नऊ जण पाळीपाळीने वापरू लागलो.

आठनंतर स्पर्श झाला, म्हणजे ग्रहण लागले. नऊ वाजत आले असताना घरातून मित्राच्या आजीची हाक आली, "अरे पुता, हांगा पळय!" म्हणजे, अरे पोरा, इकडे बघ! आजी ग्रहण पाळत होत्या, त्यामुळे त्या बाहेर येणार नव्हत्या, आम्हीच चपला काढून माजघरात गेलो. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या पश्चिमेकडच्या भिंतीवर उजेडाच्या कोयत्या लागल्या होत्या. एक नाही, दोन नाही, मोजून एकतीस. छपराची कौले जिथे जिथे सरकली होती, त्या प्रत्येक फटीतून सूर्याचे एकेक चित्र भिंतीवर उतरले होते. एरवी ते कवडसे गोल असतात म्हणून आपण त्यांच्याकडे पाहत नाही. फट चौकोनी असो की वेडीवाकडी, ती पुरेशी लहान आणि भिंत पुरेशी दूर असली की कवडशाला आकार मिळतो तो फटीचा नव्हे, सूर्याचा. फट लहान, भिंत दूर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून चित्र उलटे पडते.

वर्ष संपायला पाच दिवस उरले होते. आजींनी खिळ्यावरची दिनदर्शिका काढली आणि म्हणाल्या, आता हिचे काय काम. तिची पाने फाडून, कोरी बाजू वर करून, आम्ही ती भिंतीवर चिकटवली, आणि मुलांनी दर दहा मिनिटांनी एकेका कोयतीची कड पेन्सिलीने गिरवून शेजारी वेळ लिहिली. साडेनऊच्या सुमारास मध्य झाला तेव्हा कोयती अगदी सडपातळ झाली होती. अकराच्या सुमारास ग्रहण सुटले तेव्हा तिचा पुन्हा गोल रुपया झाला. त्याची रुंदी 46 मिलिमीटर भरली. डिसेंबरात अशा चित्राची रुंदी फटीपासूनच्या अंतराच्या साधारण 106 व्या भागाएवढी असते, म्हणजे ती फट पाच मीटरला थोडी कमी अंतरावर असायला हवी होती. शिडी लावून फीत धरली, आणि तसेच निघाले.

खरी गोष्ट याच्यापुढे आहे. पाने काढता काढता आजी सहज म्हणाल्या की, मागच्या मोठ्या ग्रहणात त्यांनी हे पाहिले होते. पण तेव्हा कोयत्या या भिंतीवर नव्हत्या, त्या समोरच्या भिंतीवर होत्या. मागचे म्हणजे कुठले, हे त्यांना सांगता येईना. सासूबाईंनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि धाकटा मुलगा मांडीवर होता, एवढे आठवत होते. मित्राने त्या मुलाचे वय मोजले आणि उत्तर निघाले: 16 फेब्रुवारी 1980. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून भारतात शिरला आणि रायचूरवरून पुढे पुरीपर्यंत गेला. तो लागला दुपारी, साडेतीननंतर. तेव्हा सूर्य पश्चिमेला होता आणि कवडसे पूर्वेच्याच भिंतीवर पडणार. आजींना तारीख ठाऊक नव्हती, कारण ठाऊक नव्हते, पण भिंत ठाऊक होती. दारे लावून घरात बसवलेल्या त्या बाईने जे पाहिले, ते बाहेर उभे राहिलेल्यांपैकी कितींनी पाहिले असेल? आम्ही ती नोंद त्याच वहीत, त्यांच्या नावाने लिहिली. जुन्या घरांवरची कौले उतरवून लोक पत्रे चढवतात, त्याला माझा विरोध असण्याचे कारण लोकांना सौंदर्याचे वाटते; ते तसे नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

संध्याकाळी चेरुवत्तूरहून फोन आला. कंकण सुरेख दिसले होते. आम्ही त्यांचे अभिनंदन केले आणि भिंतीविषयी अर्धा तास बोललो.

धूमकेतूंचे थोडक्यात सांगतो. 1986 सालच्या हॅलेने अनेकांची निराशा केली. तो पुन्हा येईल 2061 मध्ये. 1997 च्या मार्च-एप्रिलात हेल-बॉप मात्र संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस सूर्यास्तानंतर पश्चिमेला आला, तेव्हा आम्ही समुद्रकाठी जमलो. पण क्षितिजावरची वाफ, वाढता चंद्र आणि किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे यांतून तो द्विनेत्रीने शोधावा लागला. शिवाय हल्ली माणसे फोन उंचावून चित्र घेतात, फोनमध्ये शेपूट दिसते, आणि डोळ्यांनी काही न पाहताच घरी जातात. आमची पद्धत जुनी आहे: वीस मिनिटे अंधारात बसायचे, विजेरीला लाल कागद लावायचा, धूमकेतूच्या किंचित बाजूला नजर ठेवायची, आणि आसपासच्या ताऱ्यांशी ताडून त्याची तेजस्विता आपापल्या वहीत लिहायची. एकमेकांना आकडा सांगायचा नाही. सगळ्यांचे लिहून झाल्यावरच वह्या उघडायच्या, नाहीतर पहिल्याने सांगितलेला आकडाच सगळ्यांना दिसू लागतो.

सूर्याच्या बाबतीत मात्र पुन्हा एकदा बजावतो: प्रमाणित ग्रहण-चष्म्याशिवाय पाहू नये, काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, पाण्यातले प्रतिबिंब यांतले काहीही चालत नाही. चष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करावी आणि भिंतीकडे पाहावे.

यापुढे 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, तेही ऐन पावसाळ्यात. माझी आशा आहे ती 21 मे 2031 वर. त्या दिवशी कंकण केरळ-तमिळनाडूत दिसेल आणि आपल्याकडे खंडग्रास असेल, पण मध्य होईल भर दुपारी, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना. म्हणजे कोयत्या पूर्वेच्या भिंतीवरही नाहीत आणि पश्चिमेच्याही नाहीत. त्या पडतील सरळ जमिनीवर. अडचण एकच आहे. पावसापूर्वी कौले परतायची ती मे महिन्यातच, आणि एकदा कौले नीट बसली की फटी राहत नाहीत. त्या वर्षी 21 तारीख उलटेपर्यंत छपराला हात लावायचा नाही, असे मित्राने कबूल केले आहे.

नमस्कार.