कॉर्नगोल्डचा ऑपेरा सुटला कुठे होता?

ऑस्ट्रियन संगीतकार एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्डचं नाव निघालं की लोक हळहळतात, एवढा जीनियस पोरगा आणि शेवटी हॉलिवूडला जाऊन पिक्चरला म्युझिक देत बसला. मला हे अजिबात पटत नाही, का ते सांगतो.

जन्म १८९७, ब्रनोचा. वडील युलियस म्हणजे व्हिएन्नातले बडे संगीत समीक्षक, लोक त्यांना टरकून असायचे. हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा असताना थोर संगीतकार माहलरने त्याची कांताटा (वाद्यांच्या साथीने गायची रचना) ऐकली आणि म्हणाला पोरगा जीनियस आहे, संगीतकार झेमलिन्स्कीकडे शिकायला पाठवा. अकराव्या वर्षी लिहिलेलं बॅले १९१० मध्ये थेट व्हिएन्नाच्या कोर्ट ऑपेरात, म्हणजे दरबारी ऑपेरागृहात लागलं. मग गावभर कुजबुज, बापच लिहून देत असणार! (असल्या चर्चा सगळीकडे सारख्याच.) बाप संगीत नव्हता लिहून देत, पण पुढे 'डी टोटे श्टाट' या ऑपेराचे शब्द पॉल शॉट नावाने छापले ते शॉट म्हणजे हे बापलेकच. ४ डिसेंबर १९२० ला हा ऑपेरा हॅम्बर्ग आणि कोलोन, दोन्हीकडे एकाच रात्री उघडला, तेव्हा हा २३ वर्षांचा!

१९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टने त्याला हॉलिवूडला बोलावलं, शेक्सपियरच्या पिक्चरसाठी जुन्या काळच्या मेंडेल्सोन या संगीतकाराचं संगीत बसवायला. तिथला एक किस्सा सांगतात. याने विचारलं एक फूट फिल्म केवढी? समोरचा म्हणाला १२ इंच. तसं नाही हो, पडद्यावर किती वेळ चालते? सेकंदाचे दोन तृतीयांश. हा म्हणाला, म्हणजे मेंडेल्सोनच्या स्केर्त्सोचे (त्यातल्या जलद तुकड्याचे) पहिले दोन बार, म्हणजे तालाचे दोन खंड!

आणि काम करायची पद्धत बघा. प्रोजेक्शन रूममध्ये पियानो, समोर रीळ फिरतंय आणि हा बघत बघत वाजवतोय, स्टॉपवॉचपेक्षा स्वतःच्या कानावर भरवसा जास्त. हिरोहिरॉईन बोलत असतील तर त्यांच्या आवाजाच्या पट्टीच्या खाली किंवा वर ऑर्केस्ट्रा ठेवायचा, म्हणजे डायलॉगलाच गायकाची जागा दिली की नाही? प्रत्येक मुख्य पात्राला आपली थीम, म्हणजे ठरलेली धून, ती प्रसंगाप्रमाणे बदलत जाते. फक्त स्टेजवर कोणी गात नाही, बाकी सगळा ऑपेराच आहे हा. आता मुदती मात्र भयंकर, 'कॅप्टन ब्लड' या पिक्चरचं संगीत साधारण तीन आठवड्यांत उरकावं लागलं, त्यात फ्रान्झ लिस्ट या जुन्या संगीतकाराचे तुकडे घ्यावे लागले म्हणून टायटलमध्ये 'संगीत संयोजन' एवढंच लिहा म्हणाला.

१९३८ च्या 'रॉबिन हूड'ला तर तो आधी नाहीच म्हणाला होता, नुसती मारामारी आहे, माझं काम नाही. पण त्याच फेब्रुवारीत ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर हिटलरला भेटायला गेल्याची बातमी आली आणि याने होकार दिला, महिन्याभरात नाझी व्हिएन्नात. हा ज्यू, तिकडे असता तर काय झालं असतं सांगायला नको. व्हिएन्नात लागायचा त्याचा नवा ऑपेरा तिथेच बारगळला, आणि 'रॉबिन हूड'ला ऑस्कर मिळालं.

युद्ध संपल्यावर त्याने पिक्चर जवळजवळ सोडले आणि व्हायोलिन कन्चर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पुढे आणला, १९४७ मध्ये नामवंत व्हायोलिनवादक हायफेट्सने सेंट लुईसला पहिल्यांदा वाजवला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी नाकं मुरडली. त्यातल्या थीम्स कुठून घेतल्या, तर चार पिक्चरमधून, शेवटच्या भागातली 'द प्रिन्स अँड द पॉपर'मधली. आज तोच कन्चर्टो जगभरचे व्हायोलिनवाले वाजवतात, आणि अर्ध्या श्रोत्यांना पिक्चरची नावंही माहीत नसतात.